घरपट्टीच्या आकड्याआधी

सातपाटीच्या खाडीच्या उत्तर काठावर मुरबे वसले आहे. खाडीपलीकडे सातपाटीचे मासेमारी बंदर, किनाऱ्याने वर गेले की नांदगाव, आलेवाडी, नवापूर, आत बोईसरचे कारखाने आणि आणखी उत्तरेला तारापूरचे अणुवीज केंद्र. या पट्ट्यातल्या जुन्या घरांत महत्त्वाच्या कागदांच्या पिशवीत एक कागद हमखास सापडतो, तो म्हणजे ग्रामपंचायतीच्या घरपट्टीची पावती. गावठाणातल्या घराला सातबारा नसतो. त्यामुळे नमुना ८ चा उतारा आणि नमुना १० ची पावती हाच अनेक कुटुंबांना आपल्या घराचा मोठा आधार वाटतो. कायद्याच्या दृष्टीने नमुना ८ ही केवळ कराच्या आकारणीची नोंद आहे, त्याने मालकी सिद्ध होत नाही. तरीही वीजजोडणीपासून कर्जापर्यंत हाच कागद पुढे केला जातो, आणि म्हणून घरपट्टी भरायला माणसे फारशी कुरकुर करत नाहीत.

त्या पावतीवरचा आकडा कोणी ठरवला, ठरवण्याआधी घरमालकाला विचारले होते का, आणि त्याने 'हे जास्त होते' म्हटले असते तर ते कुठे नोंदले गेले असते, हे प्रश्न मात्र सहसा विचारले जात नाहीत. त्यांची उत्तरे कायद्यात आहेत. ती तिथे यायला दीडशे वर्षांहून अधिक काळ लागला. कर ठरण्यापूर्वी विचारले जाण्याचा हक्क या मुलखाला एका झटक्यात मिळालेला नाही. सुरतेच्या रस्त्यांवर, मुंबईच्या सभागृहांत, पालघरच्या कचेरीसमोर आणि उच्च न्यायालयात तो तुकड्यातुकड्याने हाती आला आहे.

१७३९ च्या आरंभी वसईच्या मोहिमेत माहीम आणि तारापूर मराठ्यांनी पोर्तुगीजांकडून घेतले, आणि १८१८ पर्यंत हा सारा किनारा इंग्रजांच्या अमलाखाली आला. राज्ये बदलली, पण कराची रीत फारशी बदलली नाही. जमिनीवर सारा होताच. ज्यांच्याकडे जमीन नाही अशा कारागीर, दुकानदार आणि इतर व्यावसायिकांवर मोहतर्फा नावाची करांची मोट होती. किती द्यायचे हे वरून ठरे, वसुलीला पाटील-कुलकर्णी आणि कमाविसदार असत. रयतेचे म्हणणे मांडण्याची एकच वाट होती: अर्ज करायचा, विनवणी करायची आणि सूट मिळाली तर घ्यायची. सूट ही कृपा होती. तिला हक्काचे रूप नव्हते.

१८४४ मध्ये मुंबई इलाख्यात मोहतर्फा आणि शहरांतले जकातीसारखे कर रद्द झाले, पण ती भरपाई मिठातून काढायचे ठरले. मिठावरचा कर मणामागे आठ आण्यांवरून एक रुपया झाला. त्या ऑगस्टमध्ये सुरतेत दुकाने बंद झाली, लोक रस्त्यावर उतरले. शेवटी सरकारने कर बारा आण्यांवर आणला. वसई-डहाणूच्या किनाऱ्यालाही त्या निर्णयाचा अर्थ ठाऊक होता, कारण मासळी खारवून टिकवणाऱ्या माणसाच्या धंद्यात मीठ हा रोजचा खर्च आहे. मोहतर्फा गेला म्हणून जो हलका झाला, त्याच माणसाच्या डोक्यावर मीठ महाग होऊन बसले. त्याला आधी कोणी विचारले नव्हते. सरकारने ऐकले ते दंगा झाल्यावर.

याच काळात किनाऱ्यावरच्या वस्त्यांत आणखी एक व्यवस्था चालू होती, तिला सरकारचा कागद लागत नसे. कोळी, मांगेला, वैती, भंडारी, वाडवळ अशा समाजांच्या गावकीत देवळाच्या जत्रेसाठी, अडल्यानडल्यासाठी वर्गणी ठरे. ती ठरताना गावकी बसे. कोणाच्या होडीला यंदा मासळी लागली, कोणाच्या घरात मयत झाली, कोणाचे जाळे वाहून गेले हे समोरच्या प्रत्येकाला माहीत असे, आणि वर्गणी त्याप्रमाणे कमीजास्त होई. या व्यवस्थेत मोठी उणीव होती. बाया त्या बैठकीत नसत, आणि जातीबाहेरचा माणूस तिच्या हिशेबातच नसे. पण पैसे गोळा करण्यापूर्वी देणाऱ्यासमोर बोलायचे आणि नंतर त्याच्यासमोरच हिशेब ठेवायचा, हा शिरस्ता गावाला परका नव्हता. सरकारच्या स्थानिक करांना तो शिकायला फार वेळ लागला.

स्थानिक कर हा वेगळा प्रकार म्हणून या भागात आला तो लोकल फंडाच्या रूपाने. जमीन महसुलाच्या प्रत्येक रुपयामागे एक आणा जादा घ्यायचा आणि तो रस्ते व शाळांवर खर्च करायचा, ही पद्धत १८६० च्या दशकात सुरू झाली आणि १८६९ च्या कायद्याने तिला पक्के रूप मिळाले. या रकमेतला सुमारे एक तृतीयांश शाळांसाठी आणि उरलेला रस्ते, विहिरी, धर्मशाळांसाठी असे. आजचा पालघर तालुका त्या वेळी माहीम तालुका म्हणून ओळखला जाई, ठाणे जिल्ह्यातला. त्या आण्याच्या वापरावर नजर ठेवायला जिल्हा आणि तालुका समित्या होत्या, पण त्यांत मुख्यतः अधिकारी आणि सरकारने निवडलेली माणसे बसत. आणा देणारा कुणबी, आगरी, वारली त्या टेबलापासून फार लांब होता.

या विसंगतीवर स्पष्ट बोट ठेवले ते जोतीराव फुले यांनी. १८८२ मध्ये हंटर शिक्षण आयोगापुढे दिलेल्या निवेदनात त्यांनी सांगितले की सरकारचा महसूल मुख्यतः शेतकऱ्याच्या कष्टातून येतो आणि शिक्षणाचा लाभ मात्र वरच्या वर्गांना मिळतो. १८७६ ते १८८२ या काळात ते पुणे नगरपालिकेचे सदस्य होते. सार्वजनिक पैसा कुठे जातो हे त्यांनी आतून पाहिलेले होते. कर कोण देतो आणि तो कोणासाठी खर्च होतो, हे दोन प्रश्न त्यांनी एकत्र विचारले. आजच्या ग्रामसभेतही नेमके हेच दोन प्रश्न वेगळे पडतात, त्याकडे पुढे येऊ.

मुंबई शहरात तोवर करदात्यांनी एक लढाई जिंकली होती. १८६५ च्या कायद्याने शहराचा कारभार सरकारने नेमलेल्या जस्टिस ऑफ द पीस मंडळींकडे आणि प्रत्यक्षात आयुक्त आर्थर क्रॉफर्ड यांच्या हाती आला. क्रॉफर्ड यांनी शहराचा चेहरा बदलला, बाजार बांधला, रस्ते आणि स्वच्छता सुधारली, आणि त्याबरोबर खर्च व करही वाढवले. १८७१ मध्ये करदाते उठले. नवरोजी फर्दुनजी यांच्यासारखे नेते खर्चावर ताशेरे ओढत होते. तरुण फिरोजशहा मेहता यांनी वेगळा मुद्दा मांडला: दोष क्रॉफर्ड यांच्या माथी मारून भागणार नाही, खरा दोष असा की कर देणाऱ्यांना प्रतिनिधी निवडता येत नाहीत. १८७२ च्या कायद्याने ६४ सदस्यांची महापालिका आली आणि त्यातले ३२ सदस्य करदात्यांनी निवडायचे ठरले. मताचा अधिकार भरीव कर भरणाऱ्यांपुरताच होता. चाळीतला भाडेकरू त्यातून बाहेर राहिला. पण 'कर देतो म्हणून विचारा' हे तत्त्व इलाख्याच्या राजधानीत कायद्यात उतरले.

तिथून गावापर्यंत यायला ते तत्त्व पुढची पन्नास वर्षे चालत राहिले. लॉर्ड रिपन यांच्या सरकारने १८ मे १८८२ रोजी स्थानिक स्वराज्याचा ठराव केला. त्यानंतर १८८४ च्या मुंबई कायद्याने जिल्हा आणि तालुका लोकल बोर्डे आली आणि त्यांत निवडून आलेले सदस्य बसू लागले. तरी जिल्हा बोर्डाच्या अध्यक्षपदी पुढची अनेक वर्षे जिल्हाधिकारीच राहिला. १८८९ च्या ग्राम स्वच्छता कायद्याने गावपातळीवर समित्या करता येऊ लागल्या, पण त्यांचा आवाका विहिरी आणि उकिरड्यांपुरता होता. विकेंद्रीकरणासाठी नेमलेल्या शाही आयोगापुढे गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९०८ मध्ये ग्रामपंचायतींची बाजू मांडली. १९२० मध्ये मुंबई ग्रामपंचायत कायदा झाला तेव्हा पहिल्यांदा गावातल्या प्रौढ पुरुषांनी निवडलेली पंचायत घरांवर कर बसवू शकली. १९३३ च्या कायद्याने तिची कामे आणि उत्पन्नाची साधने वाढवली.

या पंचायती थोड्याच गावांत निघाल्या, आणि त्याचे कारणही कराशीच जोडलेले होते. पंचायत म्हणजे घरपट्टी, एवढेच समीकरण लोकांपुढे आले. शाळा, दवाखाना, पाणी हे दूरचे आणि अनिश्चित. पट्टी मात्र लगेच आणि नक्की. ज्या सरकारवर मुळात विश्वास नाही त्याच्या नावाने नवा कर का द्यायचा, हा प्रश्न गावकऱ्यांना पडला तर नवल नव्हते.

त्या सरकारशी शेवटचा हिशेब मुरबे गावानेही केला आहे. १४ ऑगस्ट १९४२ रोजी 'चले जाव'च्या घोषणेत पालघरच्या कचेरीवर तिरंगा लावण्यासाठी आसपासच्या गावांतून माणसे चालत आली. पोलिसांनी गोळीबार केला. पाच जण हुतात्मा झाले: सातपाटीचे काशिनाथ हरी पागधरे, नांदगावचे गोविंद गणेश ठाकूर, पालघरचे तिवारी, सालवडचे सुकुर गोविंद मोरे आणि मुरब्याचे रामचंद्र महादेव चुरी. पालघरच्या हुतात्मा चौकात दरवर्षी त्या दिवशी लोक जमतात. ती कचेरी म्हणजे मामलेदाराची कचेरी, साऱ्याचा पैसा जिथे जमा होई आणि हुकूम जिथून निघत ती जागा. तिथे झेंडा लावायला निघालेल्या माणसांची मागणी पट्टीच्या दरापुरती नव्हती. आपला कारभार आपण ठरवायचा, ही होती. म्हणूनच स्वातंत्र्यानंतर ग्रामपंचायतीचा कायदा लिहिताना कराच्या प्रकरणात जे शब्द आले ते नुसते प्रशासकीय तपशील मानता येत नाहीत.

तो कायदा म्हणजे १९५८ चा मुंबई ग्रामपंचायत अधिनियम, आजचा महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम. १९५९ च्या जूनपासून तो लागू झाला. त्याचे कलम १२४ वाचताना त्या काळचे गाव डोळ्यांपुढे उभे राहते. इमारती आणि जमिनींवरील कर, यात्रेकरूंवरील कर, जत्रा आणि करमणुकीवरील कर, सायकलींवर आणि जनावरे जुंपलेल्या वाहनांवर कर, दिवाबत्ती, सामान्य आरोग्य, पाणीपट्टी, बाजार आणि आठवडे बाजाराची फी, गाडीतळाची फी, गुरे चारण्याची फी. यातले बरेचसे आता कागदावरच उरले. टिकले ते घरपट्टी, दिवाबत्ती, आरोग्य आणि पाणीपट्टी, आणि बाजाराच्या गावांत बाजारफी.

१९६० च्या कर व फी नियमांनी यापुढची पायरी घातली, आणि विचारले जाण्याचा हक्क खऱ्या अर्थाने इथे लिहिला गेला. पंचायतीला कर बसवायचा किंवा दर बदलायचा असेल तर आधी ठराव करायचा. मग त्याची नोटीस गावात लावायची, दवंडी द्यायची. ठरलेल्या मुदतीत कोणीही रहिवासी लेखी हरकत घेऊ शकतो, आणि पंचायतीने त्या हरकतींचा विचार केल्यावरच कर अमलात येतो. ही झाली दराची पायरी. त्यानंतर प्रत्येक घराची आकारणी यादी तयार होते. तीही प्रसिद्ध करायची, तिच्यावरही हरकत घेता येते. माप चुकले, कौलारू घराची नोंद स्लॅबची झाली, पडक्या खोलीवर पट्टी लागली, असे सारे तिथे सांगायचे. एवढ्यानेही समाधान झाले नाही तर पंचायत समितीकडे अपील, त्यापुढे जिल्हा परिषदेच्या स्थायी समितीकडे. १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्या आल्या तेव्हा ही साखळी पुरी झाली.

गावाचा नकार मात्र अखेरचा शब्द ठरत नाही. दराची किमान आणि कमाल मर्यादा राज्य सरकार ठरवते. पंचायतीला त्या दोन रेघांच्या मध्येच हलता येते. उत्पन्न अपुरे पडते असे दिसले तर कर वाढवायला लावण्याची तरतूदही कायद्यात वरच्या संस्थेकडे आहे. आणि जो सदस्य आपलाच कर मागणीनंतर तीन महिन्यांत भरत नाही, तो पदाला अपात्र ठरतो. कर ठरवणाऱ्याने स्वतः तो भरला पाहिजे, हा नियम अनेक सरपंच आणि सदस्य खुर्ची गमावून शिकले आहेत.

पालघर-बोईसर पट्ट्यात हा कायदा आला त्यापुढच्या दशकात जमिनीवर मोठी उलथापालथ सुरू झाली. तारापूरच्या अणुवीज केंद्राने २८ ऑक्टोबर १९६९ पासून व्यापारी तत्त्वावर वीज देणे सुरू केले. १९६२ मध्ये स्थापन झालेल्या औद्योगिक विकास महामंडळाने बोईसरजवळ तारापूर औद्योगिक क्षेत्र उभारले. रसायने, औषधे, कापड, पोलाद यांचे कारखाने आले. हे क्षेत्र बोईसर, सालवड, पास्थळ, सरावली, कोलवडे, कुंभवली, पामटेंभी अशा ग्रामपंचायतींच्या हद्दींत पसरले आहे. शहराएवढे वाढलेले बोईसर अजून ग्रामपंचायतच आहे.

अशा कारखान्यांसाठी १९५८ च्या कायद्यात कलम १२५ आहे. पंचायतीने कारखान्याशी करार करून वेगवेगळ्या करांऐवजी एकरकमी रक्कम घ्यायची. सोय म्हणून ते ठीक दिसते. पण मच्छीमाराच्या दोन खोल्यांची पट्टी नोटीस, हरकत, सुनावणी या वाटेने ठरते आणि कारखान्याची रक्कम वाटाघाटीने, हा फरक गावाने लक्षात ठेवण्यासारखा आहे. पुढे २०१९ मध्ये औद्योगिक क्षेत्रांतला ग्रामपंचायत कर महामंडळाने वसूल करायचा आणि निम्मी रक्कम ग्रामपंचायतींना द्यायची, असे ठरले. म्हणजे कारखान्याशी बोलण्याचे जे काही बळ पंचायतीकडे होते तेही एक पाऊल दूर गेले.

हद्दीचा प्रश्न याहून अवघड आहे. ज्या पंचायतीच्या हद्दीत कारखाना, तिलाच त्याचा कर. पण कारखान्याचे सांडपाणी हद्दी पाळत नाही. तारापूरच्या औद्योगिक क्षेत्राचे प्रक्रिया केलेले पाणी नवापूरच्या समुद्रात सोडले जाते, आणि या प्रदूषणाविरुद्ध अखिल भारतीय मांगेला समाज परिषदेने राष्ट्रीय हरित लवादाकडे धाव घेतली. लवादाने जानेवारी २०२२ मध्ये सांडपाणी प्रक्रिया केंद्राला आणि शंभराहून अधिक उद्योगांना भरपाईचे आदेश दिले. मुरबे, आलेवाडी, नवापूर, उच्छेळी, दांडी या मच्छीमार गावांचा कराचा आधार प्रामुख्याने राहती घरे आहेत. मासळी घटली की घरातले उत्पन्न घटते, आणि त्याच घरावर पंचायतीचा दिवा आणि नळ चालतो. कारखान्यांच्या कराबद्दल बोलायला या गावांना कोणतीच ग्रामसभा नाही, कारण तो कर त्यांच्या हद्दीत बसतच नाही.

घरपट्टी मोजायची कशी, यावरही गावांनी मोठा पालट पाहिला. १९९९ मध्ये नियम बदलून क्षेत्रफळावर आधारित आकारणी आली: इतके चौरस फूट, इतका दर. हिशेब सोपा झाला, पण घराचे वय, जागेचे मोल, बांधकामाची खरी किंमत हे सारे बाजूला पडले. त्याविरुद्ध प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेले, वसुली अडखळली, पंचायतींच्या तिजोऱ्या कोरड्या पडल्या. शेवटी ३१ डिसेंबर २०१५ रोजी सरकारने नवे नियम काढले आणि भांडवली मूल्यावर आकारणी सुरू झाली. राज्यातल्या सुमारे २८ हजार ग्रामपंचायतींची घरपट्टी अशा रीतीने नागरिकांच्या हरकतीमुळे बदलली. हरकत पंचायतीच्या टेबलावर न घेता न्यायालयात घ्यावी लागली, हा त्यातला सल.

भांडवली मूल्याच्या सूत्रात जमिनीचा वार्षिक मूल्यदर, बांधकामाचा दर, घसारा आणि वापराचा भारांक येतो. वार्षिक मूल्यदर म्हणजे लोक ज्याला रेडी रेकनर म्हणतात तो तक्ता, आणि तो ग्रामपंचायत ठरवत नाही. आकारणी दर चार वर्षांनी नव्याने होते. मुरब्यासारख्या गावात या सूत्राचा अर्थ काय होईल, हे समजायला नकाशा पुरेसा आहे. उत्तरेला वाढवण बंदराला केंद्रीय मंत्रिमंडळाने १९ जून २०२४ रोजी ७६,२२० कोटी रुपयांच्या खर्चासह मंजुरी दिली आणि ३० ऑगस्टला पालघरमध्ये त्याचे भूमिपूजन झाले. १ ऑगस्ट २०१४ पासून पालघर जिल्ह्याचे ठिकाण झाले आहे. आणि खुद्द मुरबे येथे बंदर प्रस्तावित आहे. बंदर, रस्ते, गोदामे आली की आसपासच्या जमिनींचे सरकारी दर चढतात. ज्याला घर विकायचे नाही, ज्याची मासळी कमी झाली आहे, त्याच्या कौलारू घराचे कागदावरचे मोल वाढेल आणि घरपट्टीही. हा विचार बंदराच्या चर्चेत अजून कोणी फारसा करत नाही.

मुरबे बंदराची पर्यावरणविषयक जनसुनावणी २०२५ मध्ये झाली आणि मच्छीमारांनी तीव्र विरोध नोंदवला. १४ सप्टेंबर २००६ च्या केंद्रीय अधिसूचनेनुसार अशा सुनावणीला ३० दिवसांची नोटीस लागते, अहवालाचा सारांश स्थानिक भाषेत द्यावा लागतो, आणि प्रत्येकाचे म्हणणे नोंदवून वर पाठवले जाते. निर्णय मात्र दुसरीकडे होतो. घरपट्टीच्या हरकतीचे उलटे आहे: विषय लहान, पण निर्णय घेणारे गावातलेच, दारावरून जाणारे, मत मागायला येणारे. हजारोंच्या संख्येने जनसुनावणीला जाणारा किनारा आकारणी यादीच्या नोटिशीपुढे मात्र रिकामा दिसतो. मोठ्या प्रकल्पाच्या सुनावणीत बोलण्याची जी तयारी या गावांनी दाखवली आहे, ती घराजवळच्या या टेबलावर आली तर तिथे तिचे फळ लगेच दिसेल.

ती येत नाही याची कारणे लोकांच्या आळसात शोधणे अन्यायाचे होईल. पहिले कारण, हिशेब आणि कर दोन वेगळ्या वेळी समोर येतात. आर्थिक वर्षाच्या पहिल्या ग्रामसभेत पंचायतीने मागचा जमाखर्च, कारभाराचा अहवाल, चालू वर्षाचा कार्यक्रम आणि लेखापरीक्षणाचे शेरे ठेवायचे असतात. कराचा ठराव मात्र पंचायतीच्या मासिक सभेत होतो आणि नोटीस फलकावर लागते. किती द्यायचे आणि त्याचे काय झाले, हे एकाच दिवशी विचारायची संधी गावाला मिळत नाही. दुसरे कारण गणपूर्ती. मतदारांपैकी १५ टक्के किंवा १०० माणसे, यातला कमी आकडा जमला की सभा भरते. नाही जमला तर तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट नाही. मूठभर माणसांत सारे ठराव उरकता येतात.

तिसरे कारण समुद्र आहे. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या ग्रामसभेच्या रूढ तारखा. मासेमारीचा हंगाम ऑगस्टपासून मेअखेरपर्यंत, आणि पापलेटच्या जाळ्यांवर गेलेल्या नौका काही दिवस परततही नाहीत. म्हणजे चारही तारखा हंगामात पडतात. भरती-ओहोटीवर चालणाऱ्या गावाचे वेळापत्रक राष्ट्रीय सणांवरून ठरवले आहे.

बायकांचे काय? गावकीच्या जुन्या बैठकीत त्या नव्हत्या. आता ग्रामसभेआधी महिला सभा घेणे कायद्याने बंधनकारक आहे, आणि २०११ पासून महाराष्ट्रात पंचायतीच्या निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखीव आहेत. किनाऱ्यावरच्या घरात पैशाचा व्यवहार मुख्यतः बाईच करते. मासळी विकणारी तीच. पहाटे टोपली घेऊन बोईसरच्या बाजारात बसली की तिच्याकडून बसण्याची फी घेतली जाते, आणि अनेक ठिकाणी ही वसुली लिलावाने ठेक्यावर दिलेली असते. ही फी ज्या गावाची, त्या गावाची ती मतदार नाही. तिथल्या ग्रामसभेत तिला बसता येत नाही. घरपट्टीबद्दल बोलायला तिला निदान स्वतःचे गाव आहे. बाजारफीबद्दल कुठेच नाही. कर देणाऱ्याला विचारावे या तत्त्वातली ही सगळ्यांत मोठी फट आहे, आणि ती बुजवायला बाजाराच्या गावांनी वर्षातून एकदा मासळीवाल्यांची वेगळी बैठक घेतली तरी पुरे.

विचारण्याच्या पद्धती जगात अनेक झाल्या. इंग्लंडमध्ये २०११ च्या कायद्याने ठरावीक मर्यादेपलीकडे स्थानिक कर वाढवायचा तर सार्वमत घेणे आले. मे २०१५ मध्ये बेडफर्डशरच्या पोलीस कारभाराने आपल्या हिश्श्यात १५.८ टक्के वाढ मागितली आणि सुमारे ७० टक्के मतदारांनी ती फेटाळली. नुसत्या 'हो' की 'नाही'च्या प्रश्नाला बहुधा हेच उत्तर येते. ब्राझीलमधल्या पोर्तो अलेग्रे शहराने १९८९ पासून दुसरी वाट धरली: पैसा कशावर खर्चायचा हे वस्त्यांच्या सभांनी ठरवायचे. पुणे महापालिकेने २००६ पासून नागरिकांकडून अंदाजपत्रकासाठी कामे सुचवून घेण्याची रीत सुरू केली. महाराष्ट्रातल्या ग्रामपंचायतींत चौदाव्या वित्त आयोगाच्या निधीबरोबर 'आमचं गाव, आमचा विकास' हा आराखडा आला. खर्चाचे बोलणे त्यामुळे गावात सुरू झाले आहे. त्याच बैठकीत कराचे बोलणे आणणे एवढीच पायरी उरते.

मुरब्यात ती पायरी कशी दिसेल, हे सांगता येते. १ जून ते ३१ जुलै या काळात मासेमारीला बंदी असते. नौका किनाऱ्यावर ओढलेल्या असतात, जाळी शिवली जातात, माणसे गावात असतात. चार वर्षांची नवी आकारणी यादी याच दोन महिन्यांत प्रसिद्ध व्हावी. यादीबरोबर प्रत्येक घराच्या आकड्यामागचा हिशेब असावा: किती चौरस फूट, जमिनीचा कोणता दर, घसारा किती, वापर कोणता. शेजारी मागच्या वर्षीचा जमाखर्च लावावा, घरपट्टीतून किती आले आणि दिव्यांवर, पाण्यावर, गटारांवर किती गेले. महिला सभा आधी व्हावी आणि तिच्यात आलेल्या हरकती इतिवृत्तात वेगळ्या लिहाव्यात. ज्याने हरकत घेतली त्याला ती का मानली किंवा का नाकारली, याचे लेखी उत्तर मिळावे. यासाठी कायदा बदलावा लागत नाही आणि मंत्रालयाची परवानगीही लागत नाही. वर्षातल्या ठरलेल्या सभांशिवाय जादा ग्रामसभा बोलावण्याचा अधिकार सरपंचाला आजही आहे, आणि तिची तारीख जुलैतली असायला कोणाची हरकत नाही.